कोड लिहिणारे सहायक आणि दुबार दस्तऐवज : एक आढावा

संगणक-प्रकल्पात कोडच्या जोडीने जे लेखी साहित्य साठत जाते, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणारी रीडमी फाइल, नव्याने आलेल्यांसाठीची मार्गदर्शिका, कोडमधील टिपा, रचनेविषयीच्या निर्णयांच्या नोंदी, त्या सगळ्याला मिळून दस्तऐवजीकरण म्हणतात, आणि तीच माहिती त्यात चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिली जाते ही तक्रार या व्यवसायात जुनीच आहे. नवा आहे तो वाचक. २०२१ च्या जूनमध्ये गिटहब कोपायलट चाचणीसाठी खुला झाला तेव्हा त्याचे काम उघड्या फाइलमधील पुढच्या ओळी सुचवण्यापुरते होते. २०२५ मध्ये फेब्रुवारीत क्लॉड कोड, एप्रिलमध्ये कोडेक्स सीएलआय आणि जूनमध्ये जेमिनी सीएलआय ही साधने आली आणि असे सहायक स्वतःहून फाइली शोधू, वाचू व बदलू लागले, कमांड चालवू लागले. प्रकल्पात मुरलेला माणूस रीडमी क्वचितच उघडतो आणि उघडलीच तर तिच्यातले काय शिळे झाले आहे हे त्याला ठाऊक असते. सहायकाला मात्र बहुतेक वेळा प्रत्येक सत्र कोऱ्या पाटीने सुरू करावे लागते आणि जे लिहिले आहे ते खरे धरूनच तो कामाला लागतो. त्यामुळे पूर्वी जी दुबार नोंद केवळ गबाळेपणाची खूण समजली जाई, ती आता चुकीच्या कामाचे थेट कारण ठरू लागली आहे.

हे कसे घडते ते जावास्क्रिप्टच्या एखाद्या मध्यम आकाराच्या प्रकल्पावरून पाहता येईल. बाहेरची तयार पॅकेजेस उतरवून घेण्यासाठी हा प्रकल्प आधी एनपीएम हे साधन वापरत होता आणि पुढे पीएनपीएमकडे वळला, असे समजू. बदल करणाऱ्याने योगदान-मार्गदर्शिका दुरुस्त केली, परंतु रीडमीमधील ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही ओळ तशीच राहून गेली. सहायक रीडमी वाचतो, ती कमांड चालवतो आणि ती चालतेही, कारण नोडबरोबर एनपीएम यंत्रावर आलेलेच असते. मात्र कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती घ्यायची हे नोंदवणारी जी लॉक फाइल पीएनपीएमने ठेवलेली असते, तिच्या शेजारी एनपीएमची दुसरी लॉक फाइल तयार होते आणि इतर बदलांच्या गर्दीत तीही मुकाट्याने कमिट होते, म्हणजे प्रकल्पाच्या इतिहासात नोंदली जाते. येथे दस्तऐवजातली विसंगती प्रकल्पाच्या अंगात उतरली; पुढच्या सत्रातील सहायकाला आता एनपीएमच्या बाजूने रीडमी आणि लॉक फाइल असे दोन पुरावे मिळतात. शिळी ओळ एका माणसाची दहा मिनिटे खाऊन थांबत असे, ती आता स्वतःचा पुरावा स्वतःच निर्माण करू लागते, हा फरक लहान नाही.

पुनरुक्ती टाळण्याचा विचार संगणकशास्त्रात पूर्वीपासून आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये डेटाबेसचे रिलेशनल प्रतिमान मांडले आणि त्यातून नॉर्मलायझेशनची शिस्त उभी राहिली. एकच तथ्य दोन रकान्यांत साठवले तर एक बदलून दुसरे तसेच राहण्याचा धोका असतो, म्हणून तथ्याला एकच जागा द्यावी, हा तिचा गाभा. डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या साक्षर प्रोग्रॅमिंगच्या कल्पनेत कोड आणि त्याचे विवेचन एकाच मूळ फाइलमध्ये लिहिले जाई आणि तीतून एका साधनाने यंत्रासाठीचा कोड, तर दुसऱ्याने माणसासाठीचा छापील मजकूर काढला जाई. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९ च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकात हाच विचार डीआरवाय (डोन्ट रिपीट युवरसेल्फ) या आद्याक्षरांनी रूढ केला. या तत्त्वाचा अर्थ पुष्कळदा ‘सारख्या दिसणाऱ्या ओळी नकोत’ इतका उथळ घेतला जातो. लेखकद्वयाचा रोख मात्र ज्ञानाच्या प्रत्येक तुकड्याला प्रणालीत एकच अधिकृत ठिकाण असावे यावर होता. म्हणजे दोष शब्द दोनदा येण्यात नसून अधिकार दोन ठिकाणी वाटला जाण्यात आहे, आणि सहायकांच्या संदर्भात हाच भेद सर्वांत उपयोगाचा ठरतो.

दोन अधिकृत ठिकाणे असली की काय होते याचा चांगला पुरावा २००७ मधील ‘आयकॉमेंट’ या संशोधनात मिळतो. लिनक्स, मोझिला, वाइन आणि अपाची या चार मोठ्या प्रकल्पांतील टिपा यंत्राने वाचून त्या शेजारच्या कोडशी जुळतात की नाही हे त्यात तपासले गेले आणि ६० विसंगती हाती लागल्या. त्यांपैकी ३३ ठिकाणी कोड चुकलेला होता आणि २७ ठिकाणी टीप. जवळजवळ निम्मेनिम्मे असे हे प्रमाण महत्त्वाचे आहे, कारण ‘वाद झाला तर कोड खरा’ हा सोपा नियम त्याने निकालात निघतो. अनुभवी माणूस अशा वेळी कमिटचा इतिहास चाळतो किंवा शेजारच्या टेबलावर जाऊन विचारतो. सहायकही इतिहास चाळू शकतो, विचारूही शकतो; परंतु त्यासाठी विसंगती आहे अशी शंका आधी यावी लागते, आणि दोन विधानांपैकी एकच त्याच्या वाचनात आले असेल तर ती शंका येण्याला वावच राहत नाही.

यावर असे म्हटले जाते की सगळाच मजकूर सहायकापुढे ठेवावा म्हणजे प्रश्न मिटेल. सहायकामागचे भाषिक प्रतिमान एका वेळी जेवढा मजकूर डोळ्यांपुढे ठेवू शकते त्या मर्यादेला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात आणि ती टोकनांत, म्हणजे शब्दांच्या लहान तुकड्यांत मोजतात. २०२० च्या जीपीटी-३ मध्ये ती २,०४८ टोकनांची होती. २०२४ मध्ये जेमिनी १.५ ने दहा लाखांचा आकडा गाठला. तरीही खिडकी मोठी झाल्याने लक्ष सारखे वाटले जाते असे नाही. स्टॅनफर्ड आणि इतर संस्थांतील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की लांब मजकुराच्या आरंभी वा शेवटी असलेली माहिती त्या वेळची प्रतिमाने बऱ्यापैकी वापरत, तर मधोमध पडलेली माहिती त्यांच्या हातून निसटे. पुढची प्रतिमाने या बाबतीत सुधारली आहेत. परंतु परस्परविरोधी दोन सूचना एकाच खिडकीत आल्या तर त्यांतली कोणती पाळायची हा प्रश्न खिडकीच्या आकाराने सुटणारा नाही. शिवाय सत्राच्या सुरुवातीला वाचले जाणारे प्रत्येक टोकन वेळ आणि पैसा खाते, हा व्यवहारही आहेच.

दुबार नोंदींच्या या जुन्या दुखण्यात साधने बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःची भर घातली. प्रत्येक सहायकाने सूचनांसाठी आपली वेगळी फाइल ठरवली: क्लॉड कोडची क्लॉड.एमडी, जेमिनीची जेमिनी.एमडी, कोपायलटसाठी गिटहबच्या फोल्डरातील स्वतंत्र फाइल, कर्सरसाठी आधी एक नियम-फाइल आणि नंतर नियमांचे अख्खे फोल्डर. एकाच चमूतील चौघे चार साधने वापरत असतील तर ‘टेस्ट चालवल्याशिवाय कमिट करू नये’ हे एक वाक्य चार फाइलींत जाऊन बसे आणि महिन्याभरात त्या चौघी चार दिशांना जात. यावर उतारा म्हणून २०२५ मध्ये एजंट्स.एमडी हे समाईक नाव पुढे आले. कोडेक्ससह अनेक साधनांनी ते स्वीकारले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील एजंटिक एआय फाउंडेशनकडे सोपवण्यात आले. नाव एक झाल्याने कागद एक झाला, आतला मजकूर काय असावा हे मात्र त्यातून ठरले नाही.

ज्यांना एका नावावर येणे शक्य नसते ते चमू तीन युक्त्यांपैकी एखादी वापरतात. पहिली सिमलिंकची, म्हणजे फाइलच्या जागी दुसऱ्या फाइलकडे निर्देश करणारी नोंद ठेवण्याची. लिनक्स आणि मॅकवर ती बिनबोभाट चालते. विंडोजवर सिमलिंक तयार करण्याची परवानगी गिटला, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाला, नसेल तर ते त्या जागी साधी मजकूर-फाइल ठेवतो आणि तिच्यात मूळ फाइलचा केवळ पत्ता लिहिलेला असतो. सहायकाला तेथे सूचनांऐवजी ‘एजंट्स.एमडी’ एवढी एकच ओळ मिळते. ती पाहून तो मूळ फाइल उघडेल किंवा उघडणारही नाही, आणि उघडली नाही तर चूक कुठे झाली हे सापडायला वेळ जातो. दुसरी युक्ती आयातीची: क्लॉड.एमडीमध्ये @ या चिन्हापुढे दुसऱ्या फाइलचा पत्ता लिहिला की तिचा मजकूर तेथे ओढून घेतला जातो. याने लिहिण्यातली पुनरुक्ती जाते, पण ओढून घेतलेला सगळा मजकूर सत्राच्या आरंभीच खिडकीत येतो, म्हणून आयातीची साखळी लांबवणाऱ्यांचा खर्च तेवढाच राहतो. तिसऱ्या युक्तीत एका मूळ फाइलवरून बाकीच्या फाइली एखादी लहानशी स्क्रिप्ट तयार करते. ही सर्वांत जुनी आणि या आढाव्याच्या दृष्टीने सर्वांत भरवशाची, मात्र तयार झालेल्या फाइलच्या डोक्यावर ‘ही फाइल हाताने बदलू नये, मूळ अमुक ठिकाणी आहे’ असे ठळक लिहिलेले असले तरच. नाहीतर सहायक त्या प्रतीतच दुरुस्ती करतो आणि पुढच्या वेळी स्क्रिप्ट ती पुसून टाकते.

यापेक्षा अधिक विचार करण्याजोगा प्रश्न सूचनांच्या फाइलमध्ये मुळात काय लिहावे हा आहे. अनेक चमू तिला प्रकल्पाचा सारांश समजतात आणि फोल्डरांची यादी, वापरलेल्या तंत्रांची नावे, डेटाबेसमधील तक्त्यांची रचना असे सगळे तिच्यात ओततात. यातले बहुतेक सहायकाला फाइली पाहून काही क्षणांत कळते आणि लिहून ठेवलेली प्रत पहिल्या फेरबदलाबरोबर खोटी ठरते. जागा द्यायला हवी ती कोडवरून न कळणाऱ्या गोष्टींना: टेस्ट चालवण्याची नेमकी कमांड कोणती, अमुक जुने मॉड्यूल गचाळ दिसत असूनही त्याला हात का लावायचा नाही, पैशाच्या रकमा दशांशात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात का ठेवल्या आहेत. ओळीच्या आरंभी किती रिकाम्या जागा सोडायच्या, नावे कशी द्यायची अशा शैलीच्या बाबी तर मुळात सांगायच्याच नसतात. त्या लिंटर या तपासणी-साधनाच्या सेटिंगमध्ये एकदा घातल्या की ते साधन माणसालाही अडवते आणि सहायकालाही, आणि तोच नियम पुन्हा गद्यात लिहिणे म्हणजे उद्या दोहोंत तफावत पडण्याची सोय करून ठेवणे.

लिनक्स कर्नलच्या प्रकल्पाने अलीकडे घेतलेला मार्ग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कर्नलचे दस्तऐवज कोडच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे साठ्यात, राहतात आणि २०१६ मध्ये आलेल्या ४.८ या आवृत्तीपासून ते स्फिंक्स या प्रणालीने बांधले जातात. फंक्शनांची वर्णने कोडमधील ठरावीक साच्याच्या टिपांतून उचलली जातात, म्हणजे वर्णन फंक्शनच्या डोक्यावरच राहते आणि छापील पानावर त्याचे केवळ प्रतिबिंब येते. एआय सहायकांसाठी तेथे जो मजकूर घातला गेला तो अगदी थोडका आहे: विकासाची प्रक्रिया, कोडची शैली आणि पॅच पाठवण्याची रीत यांविषयी जे दस्तऐवज माणसांसाठी आधीपासून आहेत त्यांचे पत्ते त्यात दिले आहेत. नवे असे त्यात फारच थोडे लिहिले आहे आणि ते केवळ सहायकांनाच लागू पडणारे आहे. जसे की, पॅचची कायदेशीर जबाबदारी घेणारी साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ सहायकाने घालायची नाही, ती माणसानेच घालायची. इतक्या मोठ्या आणि जुन्या प्रकल्पाला सहायकांसाठी वेगळे पुस्तक लिहावेसे वाटले नाही, यावरून लहान प्रकल्पांना बरेच घेता येण्यासारखे आहे.

मोठ्या रिपॉझिटरीत एकच फाइल पुरत नाही तेव्हा प्रत्येक विभागाच्या फोल्डरात त्याची स्वतःची सूचना-फाइल ठेवण्याची पद्धत आहे आणि एजंट्स.एमडीच्या संकेतानुसार ज्या फाइलवर काम चालू आहे तिला सर्वांत जवळची सूचना-फाइल वरचढ ठरते. ही रचना चांगली आहे, पण एका अटीवर: वरच्या फाइलमधील नियम खालच्या फाइलने पुन्हा सांगायचा नाही, वेगळेपणा तेवढा नोंदवायचा. अँथ्रॉपिकने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आणलेली स्किल्सची रचना थोडी निराळी आहे. तीत प्रत्येक कौशल्याचे नाव आणि छोटे वर्णन तेवढे आधी वाचले जाते आणि सविस्तर मजकूर गरज पडल्यावर उघडला जातो. येथे वर्णन हीच हाक असल्याने ते ढिसाळ लिहिले तर आतला उत्तम मजकूर कधी उघडलाच जात नाही.

जी माहिती यंत्राकडून तपासून घेता येते तिच्याबाबत मतभेद फारसे नाहीत. पायथनमध्ये २००१ पासून असलेले डॉकटेस्ट हे साधन दस्तऐवजातील उदाहरणे खरोखर चालवून पाहते आणि उत्तर जुळले नाही तर बिल्ड थांबवता येतो. वेब सेवांच्या वर्णनासाठी ओपनएपीआयची मूळ फाइल ठेवली की संदर्भपाने तिच्यातून निघतात.

निर्णयांच्या नोंदींचे मात्र तसे नाही. मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवल्याप्रमाणे रचनेविषयीचा प्रत्येक निर्णय परिस्थिती, निर्णय आणि परिणाम अशा छोट्या टिपणात क्रमांकासह नोंदवायचा, आणि निर्णय बदलला तर जुने टिपण न खोडता ते रद्द झाल्याची खूण करून नवे लिहायचे. माणसाला हे सोयीचे असते; सहायक मात्र शब्द जुळवून शोधतो आणि त्याच्या हाती कधीकधी रद्द झालेले टिपण आधी लागते. जमिनीच्या दफ्तरात फेरफार नोंदवही आणि सातबारा यांची जी कामाची वाटणी आहे ती येथे उपयोगी पडते: आजची स्थिती सातबाऱ्यावर पाहायची, ती तशी का झाली हे शोधायचे तर त्यावर लिहिलेल्या क्रमांकाचा फेरफार काढायचा. त्याचप्रमाणे चालू स्थिती एका दस्तऐवजात राहावी, तिने निर्णयाचा क्रमांक तेवढा द्यावा, आणि सहायकाला चालू स्थितीचा दस्तऐवज आधी वाचायला सांगावे. रद्द टिपणांच्या शीर्षकातच ‘रद्द’ हा शब्द असावा, कारण आत तिसऱ्या परिच्छेदात असलेली खूण शोधाच्या निकालात दिसत नाही.

पुनरुक्तीच्या विरोधातला हा सगळा उत्साह मान्य करूनही काही पुनरुक्ती राहू द्यावी लागते. डॅनिएल प्रोसिडा यांच्या डायटॅक्सिस या मांडणीत दस्तऐवजांचे चार प्रकार केले आहेत: शिकवणारे, कृती सांगणारे, संदर्भ पुरवणारे आणि उलगडून सांगणारे. एकच कमांड शिकवण्याच्या धड्यात आणि संदर्भपानात दोन्हीकडे येणार, कारण वाचकाची गरज दोन्हीकडे वेगळी आहे. धड्यातली ती ओळ काढून तेथे दुवा ठेवला तर धडा मोडतो. सहायकाच्या बाबतीतही प्रत्येक दुवा म्हणजे आणखी एक फाइल उघडण्याचे पाऊल, आणि ते पाऊल तो उचलेलच याची हमी नसते. म्हणून ‘उत्पादन-डेटाबेसवर ही स्क्रिप्ट चालवू नये’ यासारखा इशारा सूचनांच्या फाइलमध्येही असावा आणि त्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीवरही; चुकीची किंमत मोठी आणि मजकूर न बदलणारा असेल तेथे दोनदा सांगणे हाच शहाणपणा.

पुणे-मुंबईच्या सॉफ्टवेअर सेवा कंपन्यांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. तेथे प्रकल्प एका चमूकडून दुसऱ्याकडे जाताना नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे रोजच्या बोलण्यातली केटी होते आणि तिच्यासाठी वर्ड फाइली, सादरीकरणे, एक्सेलचे तक्ते यांचा नवा संच घाईने तयार केला जातो. तो रिपॉझिटरीबाहेर शेअर्ड ड्राइव्हवर पडून राहतो, त्याला कोडच्या आवृत्तीशी बांधणारे काही नसते, आणि पुढे कोणीतरी तोच संच सहायकाला संदर्भ म्हणून जोडून देतो. महाराष्ट्र शासनाच्या एखाद्या योजनेसाठी प्रणाली बांधताना तर मूळ नियम मराठी शासन निर्णयात असतो, गरजांचे टिपण इंग्रजीत, आणि कोडमधील टीप त्या टिपणावरून लिहिलेली, अशा तिसऱ्या हाताच्या प्रती तयार होतात. पात्रतेची अट शुद्धिपत्रकाने बदलली की बदल या साखळीतून खाली पोहोचेपर्यंत तिन्ही प्रती आपापले सांगत राहतात. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि इंग्रजीप्रधान मजकुरावर बेतलेल्या टोकनीकरणात मराठीचे तुकडे अधिक पडतात, त्यामुळे संपूर्ण शासन निर्णय दर वेळी सहायकापुढे ठेवणे महाग पडते हे खरे. परंतु त्यावर उपाय म्हणून इंग्रजी सारांशाला मुळाचा मान देणे धोक्याचे आहे. अटीच्या शेजारी शासन निर्णयाचा सांकेतांक आणि दिनांक नोंदवून मूळ मराठी परिच्छेद तेवढा रिपॉझिटरीत ठेवणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग दिसतो.

या क्षेत्रात सध्या सर्वांत वेगाने वाढणारी दुबार सामग्री माणसे लिहीत नाहीत. काम संपवताना सहायक स्वतःहून ‘बदलांचा सारांश’, ‘अंमलबजावणी आराखडा’ अशा नावांच्या फाइली मागे ठेवतात, आणि त्या नीटनेटक्या, आत्मविश्वासाने लिहिलेल्या असल्याने रिव्ह्यू करणारा त्यांना सहसा हरकत घेत नाही. त्यातील आराखड्याप्रमाणे काम झालेले असतेच असे नाही, तरी पुढचा सहायक तो आराखडा झालेल्या कामाचे वर्णन म्हणून वाचतो. अशा फाइली एका ठरावीक फोल्डरातच जाव्यात आणि ते फोल्डर गिटने दुर्लक्षित करावे, असा नियम काही चमू घालतात. त्याहून अवघड आहे ती काही साधनांत आलेली स्मृतीची सोय, जीत सहायक एका वापरकर्त्याशी झालेल्या कामातून शिकलेल्या गोष्टी स्वतःपाशी नोंदवून ठेवतो. ही नोंद बहुधा त्या वापरकर्त्याच्या यंत्रावर किंवा खात्यात असते, रिपॉझिटरीत नसते. तिचा इतिहास चमूला दिसत नाही आणि तिच्यावर रिव्ह्यू होत नाही. पीएनपीएमकडे वळलेल्या प्रकल्पाची रीडमी दुरुस्त करता येते, लॉक फाइल काढून टाकता येते, पण चौघांपैकी एकाच्या सहायकाने ‘येथे एनपीएम वापरतात’ असे लक्षात ठेवले असेल तर ते बाकीच्या तिघांना कोणत्याही पुल रिक्वेस्टमध्ये दिसणार नाही.